वाचणे आणि वाचवणे : युद्धकथनातील ईश्वरी हस्तक्षेपाचा प्रश्न

१

युद्धात कधी ऐन वेळी धुके उतरते, कधी खवळणारा समुद्र नेमका शांत राहतो, कधी शत्रूचा नेम ढगांमुळे चुकतो, आणि जे मरायचे ते वाचतात. अशा सुदैवी योगायोगांत ईश्वराचा हात असू शकतो काय, हा प्रश्न सामान्यतः धर्मशास्त्राकडे किंवा तत्त्वज्ञानाकडे सोपवला जातो. साहित्यसमीक्षेने त्यात लक्ष घालण्याचे कारण असे की, या घटना आपल्यापर्यंत निव्वळ घटना म्हणून कधीच पोहोचत नाहीत. पत्रे, आठवणी, बखरी, प्रवचने, वृत्तपत्री मजकूर, कथा-कादंबऱ्या अशा कोणत्या ना कोणत्या कथनातूनच त्या आपल्याला भेटतात. प्रत्येक कथनाला निवेदक असतो. त्याने कोठून तरी आरंभ केलेला असतो, काही सांगितलेले आणि काही गाळलेले असते, आणि मुख्य म्हणजे कोठेतरी थांबून 'येथे गोष्ट संपली' असे ठरवलेले असते.

या प्रश्नावर आपल्याकडे दोन ठरावीक भूमिका घेतल्या जातात. श्रद्धावान म्हणतो, घटना इतकी विलक्षण आहे की तीत देवाचा हात उघड दिसतो. बुद्धिवादी म्हणतो, तो निव्वळ योगायोग होता. बाकी सारे मागाहून चिकटवलेले. दोघांचे निष्कर्ष विरुद्ध असले, तरी घटना स्वतःच आपला अर्थ सांगते हे गृहीतक दोघांना समान आहे. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या गृहीतकावर आहे. ईश्वर आहे की नाही, याचा निवाडा करणे समीक्षेच्या अधिकारात येत नाही. योगायोगाचे 'हस्तक्षेपा'त रूपांतर कोणत्या कथनव्यवहाराने होते आणि त्या रूपांतराची किंमत कोण मोजतो, हे मात्र तिला तपासता येते.

मराठी व्याकरणात या रूपांतराचा नकाशा आयताच सापडतो. 'मी वाचलो' या वाक्यातील क्रियापद अकर्मक आहे. त्याला वाचणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाची गरज नाही. 'मला वाचवले' असे म्हणताच क्रियापद प्रयोजक होते आणि एका वेगळ्या कर्त्याची जागा निर्माण होते. ती जागा रिकामी ठेवली, तरी ऐकणारा 'कोणी?' असे विचारतोच. 'मी वाचावा म्हणून हे सारे घडवले गेले' ही तिसरी पायरी. तिच्यात कर्त्यासोबत हेतूही आला आणि त्या हेतूच्या सेवेला ढग, वारा, धुके, शत्रूची चूक असे सगळे विश्व जुंपले गेले. तिन्ही वाक्यांमागील घटना एकच आहे. बदलले आहे ते वाक्य. पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाताना माणूस कृतज्ञता व्यक्त करतो. दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाताना तो जगाविषयी एक दावा करतो. या दोहोंत अंतर आहे आणि पुढील विवेचनात ते अंतर सतत लक्षात ठेवावे लागेल.

२

२३ ऑगस्ट १९१४ रोजी बेल्जियममधील मॉन्स येथे ब्रिटिश सैन्याची जर्मनांशी पहिली मोठी गाठ पडली आणि संख्येने कितीतरी मोठ्या शत्रूपुढून त्याला माघार घ्यावी लागली. त्या माघारीची वृत्ते वाचून अस्वस्थ झालेल्या आर्थर मॅकेन या वेल्श लेखकाने एक छोटी कथा लिहिली. 'द बोमेन' ही ती कथा २९ सप्टेंबर १९१४ रोजी लंडनच्या 'ईव्हनिंग न्यूज'मध्ये छापून आली. मरणाच्या तोंडी असलेल्या एका सैनिकाला लंडनमधल्या शाकाहारी उपाहारगृहातील बशीवर पाहिलेले, संत जॉर्जचा धावा करणारे लॅटिन वचन आठवते. तो ते पुटपुटतो. खंदकापलीकडे तेजोमय आकृत्यांची रांग उभी राहते, बाण सुटू लागतात, आणि अंगावर जखमेची खूणही नसलेली जर्मन प्रेते मैदानात पडतात. १४१५ साली अ‍ॅजिनकोर्टला लढलेले धनुर्धारी मदतीस आले होते.

कथा बातमीच्या शैलीत लिहिलेली होती आणि बातम्यांच्याच पत्रात छापली गेली होती. गूढविद्येला वाहिलेल्या नियतकालिकांच्या संपादकांनी मॅकेनकडे आधाराची विचारणा केली. आपण ती कल्पनेने रचली, असे त्याने कळवले. चर्चच्या स्थानिक पत्रिकांनी पुनर्मुद्रणाची परवानगी मागितली. एका धर्मोपदेशकाने तर असे सुचवले की, मूळ हकीकत खरीच असणार. मॅकेनने तिला केवळ शब्दरूप दिले असेल. १९१५ च्या वसंतापासून कथेतील धनुर्धारी मागे पडले आणि त्यांच्या जागी देवदूत आले. आपल्या कथेतील 'तेजोमय' आकृत्यांतूनच ते निघाले असावेत, असा मॅकेनचा तर्क होता. त्याच वर्षी त्याने ही कथा पुस्तकरूपाने काढली आणि प्रस्तावनेत आपली बाजू सविस्तर मांडली. उत्तरादाखल हॅरल्ड बेग्बी यांनी 'ऑन द साइड ऑफ द एंजल्स' हे पुस्तक लिहून देवदूतांचा पक्ष घेतला. लेखक स्वतः 'हे मी रचले' म्हणत होता आणि वाचक त्याला 'तुम्हाला ठाऊक नाही' असे सांगत होते. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यू घोषित करण्यापूर्वी निम्मे शतक आधी, एका जिवंत लेखकाने तो असा अनुभवला.

या प्रकरणावरून लोकांच्या भोळेपणाविषयी चार शब्द लिहून मोकळे होणे सोपे आहे. ते अपुरेही आहे. हे वाचक कोण होते? ज्यांचे मुलगे, भाऊ, नवरे त्या माघारीत होते किंवा तिच्यातून परतले नव्हते, अशांचा त्यांत मोठा भरणा होता. त्यांना बातमी मिळाली होती, आकडे मिळाले होते. कथन मिळाले नव्हते. मॅकेनच्या कथेने आरंभ, संकट आणि सुटका असा आकार पुरवला आणि वाचकांनी त्या आकारात आपला अनुभव भरला. मॉन्सपुरते तरी, चमत्कार घडला म्हणून त्याची गोष्ट झाली असे म्हणता येत नाही. गोष्ट आधी आली आणि चमत्कार तिच्या मागून आला.

३

असा आकार मनाला इतका का पटतो, याचे उत्तर अ‍ॅरिस्टॉटलच्या 'काव्यशास्त्रा'त सापडते. आर्गोस येथील मिटिसचा पुतळा मिटिसच्या मारेकऱ्यावरच कोसळला आणि तो मेला, हे उदाहरण त्याने नवव्या प्रकरणात दिले आहे. अशा घटना निव्वळ यदृच्छेने घडल्यासारख्या वाटत नाहीत, म्हणून त्यांवर उभारलेली कथानके अधिक सरस ठरतात, असे तो म्हणतो. येथे 'वाटत नाहीत' या शब्दांवर बोट ठेवले पाहिजे. पुतळ्याला हेतू होता असे अ‍ॅरिस्टॉटल म्हणत नाही. हेतू असल्यासारखा भासणारा योगायोग प्रेक्षकावर अधिक परिणाम करतो, इतकेच तो म्हणतो. परिणामाचे हे तत्त्व काव्याच्या मंडपातून इतिहासाच्या अंगणात आले की गोंधळ सुरू होतो.

आपल्या परंपरेने या धोक्याला फार पूर्वीच नाव दिले आहे. कावळा ताडावर बसावा आणि त्याच क्षणी फळ पडावे, हा काकतालीय न्याय. मराठी म्हणीत फळाऐवजी फांदी आहे : कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. दोन स्वतंत्र कारणपरंपरा एका बिंदूवर मिळतात. त्या मिळण्याला मात्र तिसरे कारण नसते. एकोणिसाव्या शतकात कुर्नो या फ्रेंच विचारवंताने योगायोगाची जी व्याख्या केली, तिचा आशय हाच आहे. परंतु म्हणही एक कथनच आहे आणि तिच्यातही गाळलेले काही आहे. मोडलेल्या फांदीवर आणखी कोणाचे घरटे होते काय, हे म्हण सांगत नाही.

युद्धकथनात हे घरटे शोधावे लागते. मे १९४० मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावर ब्रिटिश व फ्रेंच सैन्य कोंडले गेले. २४ मे रोजी जर्मन रणगाड्यांना थांबण्याचा हुकूम सुटला आणि बहुमोल दोन-अडीच दिवस मिळाले. २६ मेच्या रविवारी ब्रिटनमध्ये राजाच्या आवाहनावरून राष्ट्रीय प्रार्थनादिन पाळला गेला. एरवी लहरी असलेली खाडी पुढील दिवसांत बहुतांशी शांत राहिली आणि ४ जूनपर्यंत ३,३८,२२६ सैनिक सुखरूप हलवले गेले. प्रार्थना, थबकलेला शत्रू, निवळलेला समुद्र आणि सुटका या क्रमाने घटना मांडल्या की कथानक आपोआप सिद्ध होते. चर्चिल यांनी ४ जूनच्या भाषणात या सुटकेला चमत्काराची उपमा दिली. परंतु तिचे श्रेय सैनिकांच्या शौर्याला व शिस्तीला देऊन, माघार म्हणजे विजय नव्हे असा इशाराही त्यांनी लगेच दिला. प्रवचनांतून ती उपमा टिकली. इशारा पुष्कळदा गळला.

हे कथन ४ जूनला थांबते. ते आणखी आठच दिवस पुढे नेले तर काय दिसते? नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सेंट व्हॅलेरी येथे ५१ वी हायलँड डिव्हिजन अशीच समुद्राला पाठ लावून उभी होती. तिच्यासाठीही जहाजे निघाली होती. धुके पडले, कड्यांवर जर्मन तोफा आल्या, जहाजांना किनारा गाठता आला नाही, आणि १२ जूनला त्या सैन्याने शरणागती पत्करली. स्कॉटलंडमधील हजारो घरांतील पुरुष पुढची पाच वर्षे युद्धकैदी झाले. ज्या समुद्राच्या शांततेला डंकर्कमध्ये ईश्वराची कृपा म्हटले गेले, त्याच समुद्रावरील धुक्याला सेंट व्हॅलेरीत केवळ हवामान म्हटले गेले. खुद्द डंकर्कमध्येही इतरांची जहाजे सुटावीत म्हणून लढत राहिलेले ३५ ते ४० हजार सैनिक, बहुतेक फ्रेंच, शत्रूच्या हाती लागले. सुटकेच्या कथनात त्यांना पात्र म्हणून क्वचितच स्थान मिळते.

म्हणजे हस्तक्षेपाच्या कथनाला एक विशिष्ट शेवट आणि एक विशिष्ट दृष्टिकोन लागतो. शेवट सुटकेच्या क्षणी आणि दृष्टिकोन सुटलेल्याचा. मराठीत 'वाचणे' या एकाच क्रियापदाचे जिवंत राहणे आणि ग्रंथ वाचणे असे दोन अर्थ आहेत. युद्धाच्या बाबतीत ते दोन्ही एकाच माणसाशी येऊन मिळतात, कारण जे वाचतात तेच घटनेचे वाचन करू शकतात. ज्यांच्यासाठी धुके वेळेवर उतरले नाही, त्यांची प्रवचने कोणी छापत नाही.

४

हे सारे मान्य करूनही कोणी म्हणेल : शोकाकुल माणसांना गोष्टीचा आधार मिळाला, त्यात कोणाचे काय बिघडले? या प्रश्नाचे उत्तर जपानच्या इतिहासात आहे. १२७४ आणि १२८१ मध्ये मंगोल आरमाराने जपानवर स्वारी केली. दुसऱ्या स्वारीचा शेवट प्रचंड वादळाने झाला आणि ते 'कामिकाझे', म्हणजे दैवी वारा, ठरले. युद्धानंतर मठ-मंदिरे आपल्या प्रार्थनांचे पारितोषिक शासनाकडे मागू लागली. प्रत्यक्ष लढलेले योद्धेही पारितोषिकासाठी झगडत होते. ताकेझाकी सुएनागा या योद्ध्याने आपल्या पराक्रमाच्या चित्रगुंडाळ्या काढवून घेतल्या. त्यांचा नायक वारा नाही, घोड्यावरचा सुएनागा स्वतः आहे. एकाच युद्धाची ही दोन कथने परस्परांची प्रतिस्पर्धी होती. कालांतराने वाऱ्याचे कथन जिंकले. पुढे राष्ट्रवादी शिक्षणाने ते मुलांच्या मनावर ठसवले, आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये शत्रूच्या जहाजांवर विमानासह आदळून मरण्यासाठी तरुणांची पथके उभारली गेली, तेव्हा त्यांना तेच नाव मिळाले. जे वादळ पूर्वी आकाशातून आले होते, ते आता विशी-बाविशीतल्या मुलांनी स्वतः व्हायचे होते. हस्तक्षेपाचे कथन असे निरुपद्रवी राहत नाही. देव आपल्या बाजूला एकदा आला होता असे ठरले की तो पुन्हा येईल या हिशेबावर माणसे खर्ची घातली जातात.

५

या विवेचनातील सर्वांत कठीण उदाहरण अजून पुढेच आहे. ९ ऑगस्ट १९४५ रोजी 'बॉक्सकार' हे विमान अणुबॉम्ब घेऊन निघाले, तेव्हा त्याचे पहिले लक्ष्य नागासाकी नव्हते. कोकुरा येथील शस्त्रागार होते. ठरलेल्या ठिकाणी दुसऱ्या विमानाची वाट पाहण्यात वेळ गेला. कोकुरावर पोहोचल्यावर धुराने व धुरकट हवेने लक्ष्य दिसेना. आदल्या दिवशी शेजारच्या यावातावर झालेल्या बॉम्बफेकीचा धूर हे त्याचे एक कारण सांगितले जाते. तीनदा घिरट्या घालून विमान नागासाकीकडे वळले. तेथेही ढग होते. इंधन कमी पडत चालले होते. ढगांत फट सापडली आणि ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीच्या उराकामी खोऱ्यावर बॉम्ब फुटला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत शहरात सुमारे ७०,००० माणसे मेली असावीत, असा अंदाज आहे.

कोकुराच्या दृष्टीने हा जगातील सर्वांत मोठा सुदैवी योगायोग होय. परंतु त्याला ईश्वरी हस्तक्षेप म्हणण्यास जीभ रेटत नाही, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाला नागासाकी आहे. येथे मोडलेली फांदी आणि तिच्यावरचे घरटे एकाच वाक्यात येतात.

आश्चर्य हे की ईश्वरी योजनेची भाषा कोकुराकडून आली नाही. ती नागासाकीकडून आली. उराकामी ही जपानमधील कॅथलिकांची जुनी वस्ती. शतकानुशतके छळ सोसून, लपूनछपून त्यांनी धर्म जपला होता आणि कष्टाने एक मोठे चर्च बांधले होते. बॉम्ब त्याच्यापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर फुटला. वस्तीतील सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी आठ हजारांहून अधिक मेले. नागासाकीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील क्ष-किरणतज्ज्ञ ताकाशी नागाई यांची पत्नी त्यांत होती. स्वतः नागाई आधीपासूनच रक्ताच्या कर्करोगाने आजारी होते. २३ नोव्हेंबर १९४५ रोजी चर्चच्या भग्नावशेषांसमोर झालेल्या शोकप्रार्थनेत त्यांनी जे भाषण केले, ते पुढे १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'नागासाकीच्या घंटा' या पुस्तकात आले. लक्ष्य दुसरेच शहर होते, ढगांमुळे विमान इकडे वळले, हे त्यांनी ऐकले होते. त्यावरून त्यांनी असा अर्थ लावला की उराकामीची निवड वैमानिकांनी केलेली नाही. ती ईश्वरी योजनेने झाली. युद्धाच्या पापाचे परिमार्जन व्हावे म्हणून एक निष्कलंक समर्पण हवे होते आणि ते उराकामीने दिले. १५ ऑगस्टला युद्ध संपले. तो मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण होता, हेही त्यांना अर्थपूर्ण वाटले.

हे वाचन वरील मीमांसेत सरळ बसत नाही. येथे निवेदक सुटलेला नाही, होरपळलेला आहे. तो विजयाचा दावा करीत नाही. शिवाय हे वाचन एका आधीच्या, अधिक क्रूर वाचनाला दिलेले उत्तर होते. परधर्म पत्करला म्हणून उराकामीवर दैवी कोप झाला, असे लोक बोलत होते. 'शिक्षा' या शब्दाच्या जागी 'समर्पण' हा शब्द ठेवून नागाईंनी आपल्या मृतांची अप्रतिष्ठा थांबवली. त्यांचे भाषण त्या सकाळी, त्या अवशेषांपुढे, त्या माणसांसाठी होते. तेथे ते शोकविधीचाच एक भाग होते.

मात्र भाषणाचे पुस्तक झाले, ऐकणारे बदलले, आणि तेच वाक्य वेगळे काम करू लागले. ईश्वराने निवड केली असेल, तर बॉम्ब टाकणाऱ्यांनी काय केले? युद्ध लांबवत नेणाऱ्या राज्यकर्त्यांनी काय केले? ज्यांचे नातलग त्या समर्पणात गेले, पण ज्यांनी ते कधी देऊ केले नव्हते, त्यांनी कोणाला जाब विचारावा? पुढील काळात जपानी समीक्षकांनीच हे प्रश्न उपस्थित केले. १९८१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी हिरोशिमात युद्ध हे माणसाचे कृत्य असल्याचे स्पष्टपणे सांगितले. वाक्याचा कर्ता पुन्हा माणूस झाला. व्याकरणातला हा बदल नैतिकही आहे.

६

येथवरच्या उदाहरणांवरून एक निकष सुचवता येतो. युद्धातील योगायोगाला हस्तक्षेप म्हणणारे वाक्य, त्याच योगायोगाने ज्याचा घात झाला त्याच्यासमोर उच्चारता येते काय? येत नसेल, तर ते वाक्य ईश्वराविषयी काही सांगत नाही. सांगणारा कोठे उभा आहे एवढेच ते सांगते.

हा निकष बाहेरून आणलेला नाही. ईश्वरी हस्तक्षेप उघडपणे मान्य करणारे महाभारतासारखे दुसरे युद्धकाव्य क्वचितच सापडेल. कर्णाच्या रथाचे चाक भूमीत रुतते तो निव्वळ अपघात राहत नाही. त्यामागे ब्राह्मणाचा शाप आहे. कर्णाच्या बाणापासून अर्जुनाचे मस्तक वाचते, कारण सारथी रथ खाली दाबतो. 'वाचवले' या क्रियापदाचा कर्ता येथे नावानिशी, डोळ्यांसमोर उभा आहे. पण महाभारत विजयापाशी थांबत नाही. युद्धानंतर स्त्रीपर्व येते. शंभर पुत्रांच्या प्रेतांमधून चालत आलेली गांधारी कृष्णाला विचारते की, तू समर्थ होतास, मग हा संहार का होऊ दिलास? आणि ती त्याला शाप देते. कृष्ण पळवाट शोधत नाही. तो शाप स्वीकारतो, आणि छत्तीस वर्षांनंतर मौसलपर्वात तो खरा होतो. ज्या काव्याने देवाला कर्ता केले, त्याच काव्याने त्या कर्त्याला जबाबदारही धरले. पराभूताच्या आईला बोलू दिले आणि देवाला ऐकायला लावले.

डंकर्कच्या प्रवचनांत अशी गांधारी नाही, कामिकाझेच्या पाठ्यपुस्तकांत नाही, मॉन्सच्या देवदूतकथांतही नाही. त्यांच्यातील ईश्वर वाचवण्याच्या क्षणी येतो आणि प्रेते मोजण्याच्या वेळी निघून जातो. त्या कथनांत असत्याहून अधिक जाणवतो तो हा अपुरेपणा. वाचलेल्या माणसाच्या कृतज्ञतेला समीक्षेने हात लावू नये. 'मला वाचवले' हे वाक्य हात जोडून म्हटलेले असते आणि त्याला पुराव्याची गरज नसते. मात्र तेच वाक्य 'आम्हाला वाचवण्यासाठी हे घडवले गेले' असे बनून लोकांपुढे येते, तेव्हा त्याच्या निवेदकाला गांधारीच्या समोर उभे राहण्यास सांगणे, हे समीक्षेचे काम आहे.